जास्तीचे तीस किलो

१

सकाळी आठ वाजता मिलिमीटर साहेब वजनकाट्याच्या खिडकीकडे पळत आले. काटेबाईंनी चहाची बशी तोंडाशी नेली होती, ती तशीच खाली ठेवली. चालतानासुद्धा पावलं मोजून टाकणारा माणूस पळतोय म्हणजे प्रकरण साधं नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाई, काल दुपारपासून गेटाबाहेर काय काय गेलं?"

"सांगते. आधी श्वास घ्या."

"गज गेला," साहेब म्हणाले. "पेटी उघडली तर रिकामी."

काटेबाईंनी वही पुढ्यात ओढली.

त्या कारखान्यात मालवाहू डबे बनायचे. त्यांची आखणी करणारे ते हे साहेब. एका मिलिमीटरसाठी आठवडा घालवायची त्यांची ख्याती होती, म्हणून हे नाव. त्यांनी अकरा वर्षं एकाच डब्यावर काढली होती. निळा, सहा मीटर लांब, आणि साध्या ट्रकवरून मालगाडीच्या वॅगनवर एकट्या ड्रायव्हरने सात मिनिटांत सरकवायचा. क्रेन नको, माणसं नकोत. ट्रक वॅगनला समांतर उभा करायचा. ट्रकचे दोन पोलादी हात डब्याच्या पोटाखाली जातात, त्याला चार बोटं उचलतात, आडवा सरकवतात आणि वॅगनच्या चार खुंट्यांवर अलगद बसवतात. ताट ओट्यावरून उचलून टेबलावर ठेवावं, तितकं सोपं. फक्त हे ताट तेरा टनांचं.

काटेबाईंना या डब्याचं वेड होतं आणि ते त्या लपवतही नसत. त्यांचे वडील मालधक्क्यावर हमाल होते. ट्रकमधली पोती वॅगनमध्ये भरायला आठ माणसांना दिवस पुरत नसे. पन्नाशीत वडिलांची पाठ जी वाकली ती कायमची. त्यामुळे अकरा वर्षांपूर्वी साहेबांनी कागदावर पहिली रेघ ओढून दाखवली, तेव्हापासून बाई मनाने त्यांच्या बाजूच्या.

आज अकरा वाजता रेल्वेचे तपासनीस चाचणी घ्यायला येणार होते. नियम असा की चाचणीआधी आणि चाचणीनंतर डबा मापायचा, आणि मापायचा तो रेल्वेचा शिक्का असलेल्या गजानेच. इंचभर जाडीची चौकोनी, भरीव, बरोबर डब्याच्या दोन कोपऱ्यांमध्ये मावेल एवढी पोलादी कांब. गज नाही तर माप नाही, माप नाही तर चाचणी नाही. नव्या गजावर शिक्का मारून आणायला दोन महिने. आणि मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आज डबा पास झाला नाही, तर एक तारखेला ही शेड क्रेनवाल्याला भाड्याने जाईल आणि डबा भंगारात.

काटेबाईंनी वहीवरून बोट फिरवलं. "सहा मीटरचा गज न्यायला मोठी गाडी लागते. मोठी गाडी माझ्या काट्यावरून गेल्याशिवाय गेटापर्यंत पोचत नाही. काल दुपारपासून बाहेर गेली ती एकच, क्रेनवाल्याची पिकअप. नऊ फुटांची."

"म्हणजे गज आतच आहे?"

"आतच आहे."

"आम्ही अख्खी शेड उलथीपालथी केली, बाई. टाकीच्या मागे पाहिलं, पत्र्यांवर चढून पाहिलं. सहा मीटरची वस्तू लपवणार तरी कुठे?"

बाईंनी चष्मा पदराला पुसला आणि गळ्यातली किल्ली काढून केबिनला कुलूप लावलं. बावीस वर्षांत त्यांनी कामाच्या वेळी केबिन बंद केल्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा केली होती तेव्हा एका ट्रकच्या सीटखालची पाण्याची टाकी पकडली होती. तो गडी येताना टाकी भरून यायचा आणि वजन झालं की रिकामी करायचा.

२

क्रेनवाला ऑफिसच्या पायरीवर खुर्ची टाकून बसला होता. मोठं पोट, मोठा आवाज आणि आज चाचणी बघायला आलेला तो पहिला पाहुणा.

"या काटेबाई. चोर म्हणून मलाच धरणार ना?"

"तुम्ही निघालात तर सगळ्यांचीच सोय होईल."

तो खदखदा हसला. "खोटं कशाला बोलू, मला ही शेड हवी आहे. हा डबा चालला तर उद्या माझ्या क्रेनला कोण विचारतो? पण काल दुपारी मी तासभर त्या डब्याखाली वाकून वाकून पाहत होतो. घरी गेलो तर जेवण जाईना. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, चाळीस वर्षं मी वजन वर उचलतोय, आणि हा माणूस म्हणतो वर कशाला, बाजूला सरकवा. एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही?" त्याने मान हलवली. "असल्या माणसाला चोरी करून हरवण्यात काय मजा आहे?"

"तुमचं मन मला दिसत नाही, पण गाडी दिसते. काल आत येताना एकवीसशे चाळीस, बाहेर जाताना एकवीसशे चाळीस. आमचा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही, त्यामुळे तुम्ही चहा प्यायलात की नाही ते तो सांगणार नाही. गज मात्र तीस किलोचा आहे."

"म्हणजे मी सुटलो?"

"तुम्ही सुटलात. आता कामाचं सांगा. काही पाहिलंत, ऐकलंत?"

क्रेनवाल्याने कपाळ खाजवलं. "पाचला मी निघालो, कामगारही निघाले होते. पण मागच्या सायडिंगवर ट्रक चालू झाल्याचा आवाज आला. म्हटलं, सुट्टी झाल्यावर इथे कोण राबतंय?"

बाईंच्या भुवया वर गेल्या. काल पाचनंतर सायडिंगवर, कारखान्यात आलेल्या रुळाच्या फाट्यावर, जायची कुणालाच परवानगी नव्हती.

३

वेल्डरमामा शेडच्या तोंडाशी उलट्या ड्रमवर बसले होते. समोर साठ फुटांवर, सायडिंगवरच्या वॅगनशेजारी, निळा डबा घेऊन ट्रक उभा होता. त्याभोवती दोरी. साहेबांनी साडेसहालाच, कामगार यायच्या आत, डबा ट्रकवर चढवला होता, काट्यावरून नेऊन तिथे उभा केला होता आणि हुकूम सोडला होता की तपासनीस येईपर्यंत ड्रायव्हरशिवाय कुणीही दोरीच्या आत जायचं नाही.

एरवी मामा दिवसातून दहा वेळा डब्याभोवती फेरी मारायचे. गोठ्यातल्या वासराला थोपटावं तसं त्याला थोपटायचे. सांधे त्यांनीच जोडले होते, आणि तेही असे की कुठून जोडलंय ते बोटाला कळत नसे. साहेबांची रेघ आणि मामांचा हात, हे जमलं नसतं तर डबा कागदावरच राहिला असता, असं साहेबच म्हणायचे.

"मामा, गज कुठे आहे?"

"मला काय माहीत? मी जाळणारा माणूस, मोजणारा नाही." मामांची नजर ट्रकवरून हलली नाही. "दोरी कधी सुटणार?"

"अकराला."

"तोवर गाडी सावलीत घ्यायला सांगा ना साहेबांना."

"पेटी कुठे असते, किल्ली कुणाकडे असते?"

"पेटीला किल्ली कसली? कोण हात लावतंय तिला. देवासारखा ठेवलाय तो गज." मामांनी हाताने डोळ्यांवर आडोसा केला. "ऊन बरोबर डब्याच्या बाजूवर येतंय बघा."

"मामा, गज सापडला नाही तर शेड जाते. डबा जातो. साहेबांची अकरा वर्षं जातात."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम पडला. काहीतरी ओठांवर आलं आणि तिथूनच परत फिरलं. मग तेच पालुपद.

"गाडी सावलीत घ्यायला सांगा, बाई. एवढं कराच."

काटेबाई उठल्या. सकाळपासून भेटलेला प्रत्येक माणूस विचारत होता, गज कुणी नेला असेल? तो एकच प्रश्न मामांनी विचारला नव्हता. त्याऐवजी सावलीचं मात्र तीनदा सांगून झालं होतं. काहीतरी माहीत होतं आणि मामा मूग गिळून बसले होते. पण साठ फुटांवरच्या ट्रकला ऊन लागलं तर यांचं काय जळतंय?

४

ड्रायव्हर वॅगनपाशी होता. तिशीचा, काटक, फार न बोलणारा. साहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण कारखान्यात पाऊल टाकलं की नातं बाहेर. पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, "इथे मी दाजी नाही." तेव्हापासून तो त्यांना साहेब म्हणायचा आणि साहेब लोकांना सांगायचे, "हा आमचा ड्रायव्हर." इतर कामगार मात्र तो दिसला की मागून "दाजी" अशी हाळी देऊन मोकळे व्हायचे. वशिल्याचं तट्टू, असंही कुणीकुणी म्हणायचं. त्यात मोकळ्या मैदानातल्या सरावात त्याला नऊ मिनिटं लागली होती. सात हवी होती.

बाई दोरीबाहेरून वॅगनच्या दुसऱ्या अंगाला गेल्या. काल सकाळी रंगाऱ्याने वॅगनच्या चारही खुंट्या पिवळ्या रंगवल्या होत्या, त्या उन्हात झळकत होत्या.

"काल संध्याकाळी कुठे होतास रे?"

"घरी." त्याने फडकं उगाचच झटकलं.

"ताईकडे?"

"हो. म्हणजे नंतर गेलो."

बाई एकेक खुंटी बघत निघाल्या. पहिली, दुसरी. तिसरीपाशी थांबल्या. त्या खुंटीच्या कडेला पिवळा रंग नखभर सोलून लोखंड उघडं पडलं होतं. त्या ओरखड्यात काहीतरी चिकटलेलं होतं. बाईंनी नखाने खरवडून पाहिलं. निळा रंग.

अख्ख्या कारखान्यात निळी वस्तू एकच होती.

"हा डबा या वॅगनवर याआधी कधी बसलाय का रे?"

"नाही. आज पहिल्यांदाच."

"मग त्याचा रंग या खुंटीला कसा?"

ड्रायव्हरच्या हातातलं फडकं गळून पडलं. त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गेटावर हॉर्न वाजला. रेल्वेची जीप अर्धा तास आधीच येऊन उभी होती.

५

जीप असो की जहाज, चाकं असलेली वस्तू काट्यावरून जायचीच. बाई धावत केबिनमध्ये आल्या, जीपचं वजन घेतलं आणि लिहायला वही उघडली. लिहिता लिहिता वरच्या ओळीवर नजर गेली. ट्रक आणि डबा, आज सकाळी पावणेसात: चोवीस हजार तीनशे नव्वद.

त्यांनी एक पान मागे उलटलं. तोच ट्रक, तोच डबा, काल दुपारी बारा: चोवीस हजार तीनशे साठ.

बाई खुर्चीत टेकल्या. तीस किलो. सकाळी त्यांनी आकडा डोळे झाकून लिहिला होता आणि या गोष्टीची त्यांना मनापासून लाज वाटली.

ड्रायव्हरला दोन्ही वेळा त्यांनी खाली उतरवलं होतं, तो त्यांचा नियम. डिझेलची टाकी दोन्ही वेळा काठोकाठ, कारण पंप काट्याच्या अलीकडेच. ट्रकच्या केबिनमध्ये सहा मीटरची वस्तू मावत नाही, आणि खालचा सांगाडा उघडा, सगळ्यांना दिसणारा. राहिला डबा. पण काल बाराच्या वजनाआधीच वाळूची पोती भरून झाली होती आणि तपासनीसांनी स्वतः दाराला सील ठोकलं होतं.

जीपमधून उतरून तपासनीस खिडकीपाशी आले. वाळके, शांत, हातात फाइल. "मी सील पाहून येतो," ते म्हणाले. गेले आणि आले. "शाबूत आहे."

म्हणजे दार उघडलं नाही आणि तरी डबा तीस किलोने जड झाला. बाहेरून काही लटकलेलं नाही. मग गज आहे कुठे?

काटेबाई अशा वेळी वडिलांचं एक वाक्य आठवायच्या. हरवलेली वस्तू शोधू नये, ती कशासाठी हवी होती ते आठवावं. गज कशासाठी हवा होता? डब्याच्या तळाशी, दोन्ही लांब बाजूंच्या आतल्या अंगाला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत साहेबांनी एकेक खोबण ठेवली होती. मापताना गज त्या खोबणीत घालायचा. वाकून, हात आत घातल्याशिवाय ती दिसतही नाही.

बाई स्वतःशीच हसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सायडिंगवर सगळे जमले होते. बाईंनी आधी मामांना बाजूला घेतलं. "मामा, काट्याने मला सांगितलंय. बाकीचं तुम्ही सांगता की मी सांगू?"

मामांनी खाली पाहिलं. "मी कुणालातरी शब्द दिलाय, बाई."

"त्या शब्दातून तुम्हाला मोकळं करतो मामा," मागून आवाज आला. ड्रायव्हर दोरीखालून बाहेर आला होता. तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "गज डब्याच्या खोबणीत आहे. काल सुट्टी झाल्यावर मी डबा इथे आणला. नऊ मिनिटांची सात करायची होती. लोक म्हणतात मेहुणा म्हणून घेतला, तर म्हटलं, वॅगनवरच सराव करावा. अर्ध्यावर डबा एकदम सरकला आणि कोपरा खुंटीवर आपटला. आत दबला."

"किती?" साहेबांचा आवाज ऐकू येईल न येईल असा.

"सहा मिलिमीटर," मामा म्हणाले. "हा माझ्या दारात येऊन रडायला लागला. परत आलो. कोपरा तापवला, जॅक लावून बाहेर ढकलला, चार केस जास्तच ढकलला. लोखंड निवताना आखडतं. हाताला सोसेल इतकं निवल्यावर गज खोबणीत घातला आणि कोपऱ्याला म्हटलं, आता ये परत, आणि इथे थांब. इतकं खरं माप दुसरं कुठलं होतं माझ्यापाशी? सकाळी सातला येऊन दोघं मिळून काढणार होतो, एकट्याने सहा मीटरचा गज निघत नाही, तर तुम्ही साडेसहालाच दोरी बांधून बसलात."

"आणि सावली?" काटेबाईंनी विचारलं.

"उन्हाने डब्याची बाजू लांबते. गज सैल होतो. चाचणीत तो रुळावर पडला असता, बाई. माझा जीव खालीवर होत होता."

साहेबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. ते सरळ तपासनीसांसमोर गेले. "हा डबा पडलेला आहे. न सांगता तुम्हाला दाखवणं ही फसवणूक झाली असती. मी चाचणी मागे घेतो."

६

क्रेनवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. शेड त्याच्या खिशात पडत होती आणि त्याच्या तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता.

तपासनीसांनी फाइल बंद केली. "चाचणी घ्यायची की नाही हे मी ठरवतो. मला सांगा, डबे वापरात आल्यावर पडणार नाहीत का?"

"पडतील," साहेब म्हणाले.

"मग पडलेला डबा पाहायला मला आवडेल. एका संध्याकाळी, एका माणसाने, एका जॅकने तो दुरुस्त होतो की नाही, हे मला आयतंच कळेल. दुरुस्त झालेला नसेल तर मी नापास करीन. दयामाया नाही."

ट्रक शेडच्या सावलीत घेतला. डबा निवायला पाऊण तास थांबायचं ठरलं. तेवढ्या वेळात तपासनीसांनी दबलेल्या कोपऱ्यावर लाल औषध फासलं, पुसलं आणि भिंगातून बघत राहिले. भेग असती तर लाल रेघ उमटली असती. उमटली नाही. तिरकी मापं टेपने घेतली, तीही जुळली. पण टेप म्हणजे गज नव्हे.

"आता ऐका," मामा काटेबाईंच्या कानाशी कुजबुजले. "गज आपणहून खाली पडला, तर डबा लांबलाय. हातोडी लागली, तर आखडलाय. दोन बोटांनी निघाला, तरच खरा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"रात्रभर लोखंडाने काय केलं ते लोखंडाला ठाऊक. मी काय सांगू?"

तपासनीसांनी साहेबांना खूण केली. साहेब गुडघ्यांवर बसले, मग सरळ पाठीवर झोपून डब्याखाली गेले. इस्त्रीचा शर्ट ग्रीसमध्ये. हात खोबणीत गेला. बाहेर उभ्या असलेल्यांना फक्त त्यांचे बूट दिसत होते. ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले होते.

"पडला नाही," आतून आवाज आला. "बसलेला आहे."

"काढा," तपासनीस म्हणाले. "हातोडी मिळणार नाही."

मग पोलादावर पोलाद घासल्याचा बारीक, लांब आवाज आला आणि खोबणीच्या टोकातून गजाचं चौकोनी डोकं हळूहळू बाहेर यायला लागलं. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांनी गज अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरला होता, बाकीची तीन बोटं मुद्दाम उघडी ठेवून. दुसरं टोक मामांनी झेललं.

साहेब मामांकडे बघत राहिले. "मी हे कागदावर अकरा वर्षांत आणलं," ते म्हणाले. "तुम्ही एका संध्याकाळी."

"कागद होता म्हणून आणलं," मामा म्हणाले आणि त्यांनी नाक ओढलं.

तपासनीसांनी स्वतःच्या हाताने गज दोन्ही बाजूंना घालून पाहिला, काढून पाहिला आणि घड्याळ बघितलं. "चाचणी घेऊ. ड्रायव्हर बदलायचा असेल तर आत्ता सांगा."

सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या.

"नाही," साहेब म्हणाले. "हाच."

७

ट्रक वॅगनशेजारी आला. तपासनीसांनी घड्याळाची कळ दाबली. दोन हात डब्याच्या पोटाखाली गेले, डबा चार बोटं उचलला गेला आणि निळी भिंत आडवी सरकायला लागली. आवाज म्हणाल तर पाण्याची मोटर चालू असावी एवढाच.

अर्ध्यावर डबा थांबला.

"अडकला," कुणीतरी म्हणालं. साहेबांचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला. काटेबाईंनी ट्रकच्या केबिनकडे पाहिलं. ड्रायव्हरचे ओठ हलत होते. तो मोजत होता. मग त्यांचं लक्ष ट्रककडे गेलं आणि त्यांना कळलं. बावीस वर्षं त्या रोज पाहत होत्या, ओझं उतरलं की ट्रक आपल्या स्प्रिंगांवर कसा उठून उभा राहतो. निम्मं वजन पलीकडे गेलं होतं आणि ट्रक हळूहळू वर येत होता. अंगठाभर. दोन अंगठे. मग स्थिरावला.

दहा मोजून झाले. ड्रायव्हरने ट्रकचे हात दोन अंगठे खाली घेतले, डबा पुन्हा सपाट झाला, आणि पुढे निघाला. पहिली खुंटी, दुसरी, तिसरी, चौथी. चार वेळा टक् असा आवाज झाला आणि ट्रकचे हात रिकामे मागे आले.

"सहा मिनिटं पन्नास सेकंद," तपासनीस म्हणाले.

काटेबाईंनी पदर तोंडाला लावला. आठ माणसं, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. वडील घरी आले की आई त्यांची पाठ शेकायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, कुणाला दिसू नये म्हणून. सहा मिनिटं पन्नास सेकंद. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

गज पुन्हा खोबणीत गेला, दोन बोटांनी निघाला. तपासनीसांनी फाइल वॅगनच्या कडेवर उघडली आणि ड्रायव्हरला बोलावलं. "अर्ध्यावर का थांबलात?"

"काल थांबलो नव्हतो, म्हणून तर आपटला. अर्धं वजन गेलं की ट्रक उठतो आणि डबा तिरका होतो. ट्रकला उठायला दहा आकडे लागतात. काल रात्री झोप नव्हतीच, तेच डोक्यात घोळत होतं. तेवढं थांबलं की पुढे घाई करावी लागत नाही, आपोआप बसतो. नऊची सात त्यामुळेच झाली."

तपासनीसांनी साहेबांकडे पाहिलं. "तुमच्या आराखड्यात हे आहे?"

साहेबांनी ट्रकच्या स्प्रिंगांकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "डब्याचा मिलिमीटर अन् मिलिमीटर मोजला. ट्रक उठतो हे मी मोजलंच नाही. चूक माझी आहे, त्याची नव्हती. आराखड्यात आजच घालतो."

"ठीक. पास." तपासनीसांनी सही केली आणि पेन पुढच्या रकान्यावर टेकवलं. "चाचणीत सुचलेली सुधारणा कुणाची, हे लिहावं लागतं. काय लिहू? कारखान्याचा ड्रायव्हर?"

"तेही लिहा," साहेब म्हणाले. मग त्यांनी ग्रीसने माखलेला हात शर्टालाच पुसला आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर ठेवला. "पण आधी लिहा, माझा मेहुणा."

मागे उभ्या कामगारांपैकी एकानेही दाजी अशी हाळी दिली नाही. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. फडकं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून त्याने डोळे बाहीला पुसले.

काटेबाई केबिनकडे निघाल्या. ट्रक रिकामा परत यायचा होता, वजन घ्यायचं होतं. या खेपेला आकडा लिहायच्या आधी त्यांनी मागचं पान उघडून ठेवलं.